तुमच्या गावात मत कसं ठरतं? (अनुभव धागा)

निकालाच्या दिवशी टीव्हीवर अख्ख्या तालुक्याला एकच रंग लागतो आणि मला दर वेळी वाईट वाटतं. त्याच तालुक्यातलं एकच घर ग्रामपंचायतीला भावकी बघतं, विधानसभेला माणूस बघतं आणि लोकसभेला तिसरंच बटण दाबून येतं. हे ज्यांनी जवळून पाहिलंय त्यांनी लिहा. कोणता पक्ष चांगला हा वाद नको. तुमच्या घरात, आळीत, बूथवर काय घडलं तेवढं सांगा. सुरुवात मी करते.

माझं माहेर सांगोला तालुक्यातलं. गणपतराव देशमुख 1962 साली पहिल्यांदा आमदार झाले आणि एकूण 11 वेळा निवडून आले, शेतकरी कामगार पक्षाकडून. आमच्या घरात पक्षाचं नाव क्वचितच निघायचं, 'आबासाहेब' एवढंच. 2009 साली वडिलांनी लोकसभेला माढ्यातून शरद पवारांना मत दिलं आणि काही महिन्यांत विधानसभेला आबासाहेबांना. यात काही विसंगत आहे असं त्यांना कधी वाटलं नाही. 2019 ला आबासाहेब उभे राहिले नाहीत, नातू उभा राहिला आणि 768 मतांनी पडला. त्या रात्री वडील जेवले नाहीत. ओट्यावर बसून बोटांवर मोजत होते, कुणाची पोरं पुण्याला कामाला आहेत, कोण मतदानाला आलं नाही. आमच्या आळीतलीच नऊ भरली. 2024 ला आबासाहेबांचे दुसरे नातू निवडून आले, त्या दिवशी वडिलांनी पहिली आठवण काढली ती त्या नऊ मतांची.

लासलगावजवळून

आमचं गाव निफाड तालुक्यात, पण विधानसभा येवल्याची आणि लोकसभा दिंडोरीची. 8 डिसेंबर 2023 ला कांद्याची निर्यात बंद झाली तेव्हा माझा लाल कांदा ट्रॅक्टरमध्ये भरलेला होता. भाव कसे कोसळले ते मी बाजार समितीच्या आवारात उभं राहून पाहिलंय. बंदी 4 मे 2024 ला उठली, आमचं लोकसभेचं मतदान 20 मे ला. गावात सभा घ्यायची गरजच उरली नव्हती. केंद्रात मंत्री असलेल्या भारती पवार पडल्या. आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात विधानसभेला त्यांच्याच युतीचे छगन भुजबळ येवल्यातून पुन्हा निवडून आले. माझं स्वतःचं मत दोन्ही वेळा वेगवेगळ्या बाजूला गेलं. बायकोच्या खात्यात लाडक्या बहिणीचे 1500 रुपये येऊ लागले होते. ती म्हणाली, "कांद्याचा पैसा तुमच्या हातात येतो, हा माझ्या हातात आला." तिने कुणाला मत दिलं ते मी विचारलं नाही.

जावळी खोऱ्यातून

आजीचं वय 80 च्या पुढे. 2024 च्या लोकसभेला तिला घरून सांगून पाठवलं, "तुतारी वाजवणारा माणूस." बाहेर येऊन म्हणाली, तुतारी दिसली, दाबली. आमच्या पोटात गोळा आला. यंत्रावर नुसत्या तुतारीचं, म्हणजे आमच्याकडच्या भाषेत पिपाणीचं, दुसरं चिन्ह होतं. साताऱ्यात त्या अपक्षाला 37 हजारांवर मतं पडली आणि 'तुतारी वाजवणारा माणूस' हे चिन्ह असलेले शशिकांत शिंदे 32 हजारांवर मतांनी हरले. सगळी पिपाणीची मतं चुकूनच पडली असं मी म्हणणार नाही. पण आजीला हे अजून सांगितलेलं नाही.

बीड जिल्ह्यातून, ऊसतोड कुटुंबातली

वरच्या ताईंच्या वडिलांनी नऊ मतं मोजली. आमच्या तांड्यावर मागे किती उरलं ते मोजावं लागतं. 2024 ला गाळप हंगाम 15 नोव्हेंबरला सुरू झाला आणि विधानसभेचं मतदान 20 ला. आई-वडिलांनी मुकादमाची उचल (आगाऊ पैसे) घेतलेली, कोयता घेऊन जायलाच लागतं. मतदानाला गाडी पाठवतो असं सांगितलं होतं, ती आली नाही. आईचं मतदार कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत, कपड्यांच्या गाठोड्यात तसंच परत आलं. आमच्या लोकांना राजकारणात रस नाही असं कुणी म्हटलं की मला ती पिशवी आठवते.

वाडीवरून, तालुका सांगत नाही

आमच्या वाडीचं एकच बूथ. कागदी मतपत्रिका होत्या तेव्हा मोजणीआधी निरनिराळ्या केंद्रांची मतं एकत्र मिसळायचे असं वडीलधारे सांगतात. आता यंत्राचे आकडे केंद्रवार बाहेर येतात. एका विधानसभेला आमच्या बूथवर एका पुढाऱ्याला कमी मतं पडली. दुसऱ्या दिवशी सकाळी आकडा चौकात. महिन्याभरात मंजूर झालेली पाण्याची पाइपलाइन शेजारच्या गावाकडे वळली. का, ते तोंडाने कुणी बोललं नाही. उन्हाळाभर टँकर.

तेव्हापासून आमच्याकडे मतदानाच्या आदल्या रात्री मारुतीच्या देवळात बैठक होते. दोन्ही बाजूंना साधारण किती मतं जावीत ते तिथे बोलतात, म्हणजे कुणीही आला तरी वाडीवर राग धरू नये. मी दोनदा त्या बैठकीला गेलो. दुसऱ्यांदा माझ्या वाट्याला जे चिन्ह आलं ते मला नको होतं. मी यंत्रासमोर बराच वेळ उभा राहिलो आणि मला हवं तेच बटण दाबलं. हे आज पहिल्यांदा कुणाला तरी सांगतोय.