कुंडीतला वाटाणा

ताई, 'एक्केचाळिसाव्या वर्षी नोकरी सोडून मूर्तिकाम शिकतेय, नातेवाइकांना काय सांगू तेच कळत नाही,' असं तुम्ही लिहिलंय. मी म्हणेन, खुलासे देत बसूच नका!

मला अशा वेळी हटकून दादासाहेब फाळके आठवतात. गिरगावात ख्रिस्ताच्या जीवनावरचा मूकपट पाहिला आणि गडी झपाटला. वय चाळिशीच्या घरात, पदरी मुलंबाळं. तरी विम्याची पॉलिसी गहाण टाकून १९१२ मध्ये लंडन गाठलं, कॅमेरा आणला. भांडवल देणाऱ्यांना पटवायला केलं काय, तर कुंडीत वाटाणा पेरला! कॅमेऱ्यापुढे ती कुंडी ठेवून दिवसेंदिवस एकेक चौकट टिपत राहिले. पडद्यावर बघता बघता अंकुर फुटला, वेल वर चढला. घरात कुंडीपुढे असा बसलेला माणूस शेजारपाजाऱ्यांना कसा दिसला असेल, विचार करा.

आणि त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई! कोऱ्या फिल्मच्या कडेला भोकं पाडावी लागत, तीही अंधारात. दिवसभर सगळ्या चमूचं रांधून-वाढून झालं की त्या हे काम करत. मला तर त्यांचं जास्त अप्रूप वाटतं. ३ मे १९१३ ला मुंबईच्या कोरोनेशन थिएटरात फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' लागला, त्यात त्या रात्रीही आहेत.

तुमच्या घरी असं सोबत बसणारं एखादं माणूस असेल, तर बाकीच्यांचं सोडून द्या. आणि माती शाडूची वापरताय का? पहिल्या मूर्तीचा फोटो नक्की टाका, तडा गेलेली असली तरी.