निकोटिन सोडल्यानंतरचा कंटाळा आणि उदासपणा: अनुभवी मंडळींकडून मार्गदर्शन हवे आहे

नमस्कार. सिगारेट सोडून मला दोनेक महिने झाले. तलफ जवळजवळ गेली आहे. अधूनमधून येते तीही चार-पाच मिनिटे दम धरला की ओसरते. त्यामुळे सिगारेट कशी सोडावी, हा माझा प्रश्न नाही. सोडल्यानंतर जी मरगळ मुक्कामाला येऊन बसली आहे, तिचे काय करावे, हे मला विचारायचे आहे.

दुःख म्हणावे असे काही घडलेले नाही. कामाला जातो, जेवतो, झोपही आता बरी लागते. पण कशातच गोडी वाटत नाही. आवडीच्या विषयावरचे पुस्तक दहा पानांत मिटले जाते, गाणे लावले तर ते संपण्याआधीच पुढचे लावावेसे वाटते, आणि मित्रांमध्ये बसलो तरी लक्ष घड्याळाकडे जाते. पूर्वी एखादे काम हातावेगळे झाले की ‘आता एक ओढू’ म्हणून उठायचो; आता काम संपते आणि त्यापुढे काहीच नसते. जेवणानंतर, कोणाची वाट पाहताना, लांबलेला फोन ठेवल्यावर, वादावादी झाल्यावर, अशा प्रत्येक वेळी पाच मिनिटांची एक रिकामी जागा समोर येते. ओढत होतो तेव्हा दिवसात अशा इतक्या जागा आहेत, हे कधी जाणवलेही नव्हते.

यामागचे कारण समजून घेण्याचा प्रयत्न केला आहे. झुरक्यातले निकोटिन काही सेकंदांत मेंदूत पोहोचते आणि डोपामिन, म्हणजे बक्षीस मिळाल्याची जाणीव देणारे रसायन, स्रवायला लावते. एका सिगारेटचे साधारण दहा झुरके धरले, तर रोज २० सिगारेटी ओढणाऱ्याच्या मेंदूला ही बक्षिसी दिवसातून सुमारे २०० वेळा मिळते, आणि तीही काहीही न करता. या सततच्या माऱ्यामुळे मेंदूच्या पेशींवरच्या, निकोटिन ज्यांना चिकटते त्या ग्राहींची (रिसेप्टर्सची) संख्या वाढते, आणि ती पूर्ववत होण्यास काही आठवडे ते सुमारे तीन महिने लागू शकतात. पुस्तक किंवा गप्पा या मानाने फार सावकाश आनंद देतात, तेव्हा त्या फिक्या वाटल्या तर नवल नाही. शिवाय रक्तातले निकोटिन साधारण दोन तासांत निम्म्यावर येते. म्हणजे मी ज्याला ‘मूड ठीक करणे’ म्हणत होतो, ते बरेचसे आधीच्या सिगारेटचा उतार भरून काढणेच होते. ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये २०१४ साली अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला होता. त्यातही धूम्रपान सोडलेल्यांमधील नैराश्य आणि चिंता, न सोडलेल्यांच्या तुलनेत, कमी झाल्याचे दिसले होते.

हे सर्व पटते, परंतु चिडचिड, अस्वस्थता ही लक्षणे पहिल्या तीन-चार आठवड्यांत ओसरतात असे सांगितले जाते आणि माझ्या बाबतीत तसेच झाले. मागे राहिला तो फक्त हा बेचवपणा. काळजी वाटते ती त्याच्या वागण्याची. तलफ समोरून येते, तिला ओळखता येते आणि नाही म्हणता येते. कंटाळा मात्र शहाणपणाचा आव आणून येतो: ‘आता तुला सवय राहिलेली नाही, मग आठवड्यातून एखादी ओढायला काय हरकत आहे?’ हा युक्तिवाद ऐकताना शरीर सिगारेट मागत नसते, म्हणूनच तो मला जास्त धोक्याचा वाटतो.

केलेले उपाय सांगतो, म्हणजे तेच पुन्हा सुचवण्याचे श्रम वाचतील. भरभर चालण्याचा उपयोग होतो, पण तासाभरापुरता. कॉफी निम्मी केली, त्याचा मात्र खरोखर फायदा झाला. धुरातील घटकांमुळे यकृत कॅफिनचा निचरा वेगाने करत असते, आणि सिगारेट सुटली की तेवढीच कॉफी अंगावर जास्त येते, हे अनेकांना ठाऊक नसते. निकोटिनचे च्युइंगम किंवा पॅच मी वापरलेले नाहीत, आणि शरीर निकोटिनमुक्त झाल्यावर आता ते सुरू करणे मला उलटे वाटते. आवड किंवा रस नाहीसा होणे दोन आठवड्यांहून अधिक काळ टिकले तर ते नैराश्याचे लक्षण असू शकते, याची कल्पना असल्यामुळे डॉक्टरांची वेळ घेतली आहे. औषधाचा निर्णय तेच करतील. बुप्रोपिऑन हे औषध नैराश्यावर आणि धूम्रपान सोडण्यासाठी, अशा दोन्ही कारणांनी दिले जाते, एवढे वाचले आहे.

ज्यांनी सिगारेट किंवा तंबाखू सोडून वर्ष-दोन वर्षे झाली आहेत, त्यांच्याकडून मला मुख्यतः हे जाणून घ्यायचे आहे की गोष्टींतली गोडी आपोआप परतली, की गोडी नसतानाही एखादी गोष्ट नेटाने करत राहिल्यावर ती हळूहळू आली? त्या पाच-पाच मिनिटांच्या जागा आपण कशाने भरल्या, की तशाच रिकाम्या राहू दिल्या? ‘मन गुंतवा’ एवढाच सल्ला कृपया देऊ नये, कारण मन गुंतत नाही हीच तर तक्रार आहे. उत्तर देताना आपल्याला साधारण किती काळ लागला आणि औषधाचा किंवा समुपदेशनाचा आधार होता की नाही, हे नमूद केल्यास माझ्या स्थितीशी ताडून पाहणे सोपे जाईल. ज्यांना सिगारेट सोडण्याच्या आधीपासूनच उदासपणाचा त्रास होता, त्यांचा अनुभव वेगळा असू शकेल, तेव्हा तसे असल्यास तेही अवश्य लिहावे.