हुकामुळे हुकलं? पुरे आता!

तिरपी रेघ
काल 'रसिकराज' यांनी गाब्रिएला पापाडाकिस या फ्रेंच आईस डान्सरवर (बर्फावर स्केट घालून जोडीनं नाचतात तो खेळ) लेख टाकला: २०१८ च्या प्याँगचांग ऑलिंपिकमध्ये नाचताना तिच्या ड्रेसचा हुक सुटला आणि रौप्य मिळालं. शेवटचं वाक्य: 'एका हुकानं तिचं सोनं हुकवलं.' कोटी झकास, प्रतिसादांत टाळ्याही पडल्या. माझं मात्र डोकं फिरलं, म्हणून वेगळा धागा.

क्लेरमाँ-फेराँची ही मुलगी. नऊ-दहा वर्षांची असताना स्वतःच्या आईच्याच हाताखाली गियोम सिझरोंबरोबर जोडी जमली. २०१४ च्या जागतिक स्पर्धेत तेरावा नंबर. मग मॉन्ट्रियल गाठलं आणि २०१५ मध्ये शांघायला थेट विजेतेपद. वय १९! तेराव्यावरून पहिली, मधे पायरी नाही. लगेच सरावात पडून डोक्याला मार, त्या मोसमाची ग्रां प्री स्पर्धामालिका बुडाली, तरी २०१६ ला बॉस्टनमध्ये पुन्हा पहिल्या. एकूण पाच जागतिक विजेतेपदं, युरोपचं सलग पाच वेळा, २०२२ ला बीजिंगमध्ये सुवर्ण. आणि आपण लिहितो कशावर, तर ड्रेसवर.

बरं, सोनं हुकानं गेलं हेही खरं नाही. २०१७ ला हेलसिंकीत कुठलाच हुक सुटला नव्हता. तेव्हाही पहिल्या दिवशी मागे पडले, दुसऱ्या दिवशी फ्री डान्स (दुसरा नाच) जिंकला आणि एकूणात कॅनडाची व्हर्च्यू-मॉयर जोडी पुढे. तीच गोष्ट वर्षभरानं प्याँगचांगला झाली.

रसिकराज
कोटी आवडली नाही एवढंच सांगायचं होतं, डोकं कशाला फिरवून घेतलंत?

हेलसिंकी सोयीनं आठवलं. त्यानंतरचं नागोया विसरलात? डिसेंबर २०१७, ग्रां प्री फायनल. हेच दोन नाच, हेच प्रतिस्पर्धी, फ्रेंच जोडी जिंकली. दोन महिन्यांनी ऑलिंपिकमध्ये शॉर्ट डान्स (पहिला नाच) सुरू होऊन काही सेकंद होतात तोच मानेमागचा हुक सुटतो. त्या दिवशी यांचे ८१.९३ गुण, व्हर्च्यू-मॉयरचे ८३.६७. दुसऱ्या दिवशी १२३.३५, तेव्हाचा विश्वविक्रम, आणि समोरचे १२२.४०. बेरीज करा, फरक ०.७९. एक ट्विझल (एका पायावरची सरकती गिरकी) डगमगली तरी एवढे जातात. टीव्हीवर अख्खं जग बघतंय, अंगावरचा कपडा सरकतोय, आणि तुम्ही म्हणता परिणाम शून्य!

बेरीजवजाबाकी
थांबता आलं असतं. दुरुस्तीला तीन मिनिटं मिळतात, पाच गुण कापतात. पाच कापले असते तरी रौप्य हललं नसतं (तिसऱ्या आलेल्या अमेरिकेच्या शिबुतानी भावंडांचे १९२.५९), सोनं मात्र तिथेच संपलं असतं. म्हणजे न थांबण्याचा तिचा निर्णय गणिती दृष्ट्या अचूक. २२ वर्षांच्या मुलीनं तेवढ्यात हा हिशेब केला असेल असं मी म्हणत नाही.

जुना खवचट
फ्रेंचांच्या गुणांवर अश्रू ढाळण्याआधी २००२ आठवा. सॉल्ट लेक सिटी. फ्रेंच परीक्षक बाईंनी पेअर्समध्ये (जोडीच्या स्केटिंगचा दुसरा प्रकार) रशियाला मत दिलं, बदल्यात आईस डान्सचं सोनं फ्रान्सला असा सौदा बाहेर आला. बाईंवर आणि फ्रेंच संघटनेच्या अध्यक्षांवर तीन वर्षं बंदी. ६.० पैकी गुण देण्याची जुनी पद्धत त्यातच गेली. आणि आईस डान्सचं सोनं कुणाला? फ्रान्सच्या अनिसिना-पेझराला. ती अनिसिनाही मूळची मॉस्कोची.

तिरपी रेघ
काका, तेव्हा पापाडाकिस सहा वर्षांची होती हो!

चिंटूची आई
वाद तुमचा चालू द्या, मला त्या मुलीचं दुःख कळतं. कॉलेजच्या गॅदरिंगला लावणी होती माझी. दुसऱ्या कडव्याला गिरकी घेतली आणि काष्टा ढिला झाल्याचं कळलं. पुढचं सगळं मी एक हात कमरेवर ठेवून केलं, लोकांना वाटलं अदा आहे. परीक्षक म्हणाले, 'हस्तमुद्रांत तोचतोचपणा.' दुसरा नंबर. वीस वर्षं झाली, ते वाक्य जात नाही. त्यामुळे परिणाम होत नाही म्हणणाऱ्यांनी एकदा नऊवारी नेसून नाचावं.

सातारी मिरची
ताई, काष्टा सुटलाच कसा? नेसवलं कुणी? आमच्याकडे नाडी करकचून बांधून मगच निऱ्या. पिनांच्या भरवशावर राहिलं की हेच होतं.

अनुष्का_डोंबिवली
म्हणूनच शिवलेली नऊवारी घ्यायची. पायजम्यासारखी चढवा, नाचा, विषय संपला.

सातारी मिरची
शिवलेली?! मग सरळ पायजमाच घाला की. केळं पडत नाही, ओचा नावाला. लावणी म्हणे!

अनुष्का_डोंबिवली
तीन मिनिटांत कपडे बदलून पुढच्या गाण्याला उभं राहायचं असतं, काकू. तुम्ही या विंगेत दोरी घेऊन. २०१० ला व्हँकुव्हरला डेव्हिस आणि व्हाइट या अमेरिकन जोडीनं हिंदी सिनेमाच्या गाण्यांवर नाच केला, रौप्य नेलं. तिचा पोशाख शिवलेलाच होता. तिला कुणी म्हणालं नाही, आधी पाचवारी नेसून दाखव.

सातारी मिरची
काकू कुणाला म्हणालीस गं? बत्तीस वय आहे माझं.

मॉन्ट्रियलकर
इकडचं सांगतो. लेक स्केटिंग शिकते, पहाटे साडेपाचला रिंकवर मी कुडकुडत उभा असतो. तुम्ही सगळे दोन देशांची लढाई असल्यासारखं लिहिताय. दोन्ही जोड्या याच शहरात, एकाच रिंकवर, त्याच दुब्रुई-लोझों-आग्नोएर या प्रशिक्षकांकडे शिकत होत्या. प्रशिक्षकाची ढाल दोन्ही बाजूंनी सोन्याचीच.

आणि पोशाखाचं म्हणाल, तर लेकीच्या पहिल्या स्पर्धेत बाहीवरचं पीस गळून बर्फावर पडलं. एक गुण वजा. पीस! मी शिवणाऱ्याला अजून दुवा देतोय.

बेरीजवजाबाकी
बरोबर, पोशाखाचा तुकडा बर्फावर पडला की गुण जातो. पापाडाकिसचं काही पडलं नाही, त्यामुळे ती वजावट नव्हतीच. जे गेलं ते लय आणि मोकळेपणात. ते किती, हे गुणपत्रकावरून वेगळं काढता येत नाही. म्हणजे तुम्ही दोघंही छातीठोकपणे सांगताय ते दोघांनाही सिद्ध करता येणार नाही.

रसिकराज
म्हणजे मी चूक नाही.

तिरपी रेघ
म्हणजे बरोबरही नाही. बरं, 'काही परिणाम नाही' असं ध्वनित झालं असेल तर तेवढं मागे घेते. चिंटूच्या आईंसाठी, तुमच्यासाठी नाही.

पण माझा मूळ मुद्दा कुणी धरलाच नाही. २०२० ला ग्रात्सला युरोपियन विजेतेपद ०.१४ नं गेलं. ०.७९ पेक्षा कितीतरी कमी! त्यावर एकही लेख आला नाही, कारण तिथे काही सुटलं नव्हतं. २०२२ ला बीजिंगनंतर मोंपेलिएला, स्वतःच्या देशात, पाचवं जागतिक विजेतेपद, आणि त्यानंतर जोडी पुन्हा स्पर्धेत उतरलीच नाही. डिसेंबर २०२४ ला निवृत्ती जाहीर केली. त्यावर लिहा ना कुणीतरी.

जुना खवचट
लिहितो. पण २००२ पासून सुरुवात करावी लागेल.

रसिकराज
ग्रात्सचं लक्षात नव्हतं. लेखात एक ओळ वाढवतो. कोटी राहणार.

चिंटूची आई
मिरचीताई, ती नाडी कमरेला एकच बांधायची की वरून दुसरी? पुढच्या महिन्यात भिशी मंडळाचा कार्यक्रम आहे.

सातारी मिरची
दोन. आणि शिवलेली घेऊन आलीस तर मी येणार नाही बघायला.