मेसच्या खरकट्यावरचा बायोगॅस: जिवाणूंची पावडर टाकून गॅस वाढतो का?

मेस_कराड
नमस्कार. कराडला मुलींच्या वसतिगृहाची मेस चालवते. मागच्या बाजूला ५ घनमीटरचा, तरंगत्या ड्रमचा प्लँट आहे. उरलेला भात, पोळ्या, भाजीचे देठ, ताटातलं उष्टं असं सगळं बारीक करून टाकतो. दिवाळीपर्यंत सकाळचा चहा आणि दूध त्यावरच व्हायचं. आता ड्रम वर येतो, पण शेगडी पेटवली की भक्क करून विझते. स्लरीला, म्हणजे टाकीतल्या पातळ राड्याला, नाकात झोंबणारा आंबट वास आहे. एक विक्रेता म्हणतो, तुमचे जिवाणू मेलेत, आमची कल्चर पावडर दर आठवड्याला टाका, गॅस दीडपट होईल. किलोला साडेआठशे रुपये. घ्यावी का?

वाळवा_शेतकरी
ताई, आमच्याकडे शेणावरचा प्लँट आहे, त्यात अशी पावडर टाकून पाहिली होती. फरक काही कळला नाही. शेणात मुळातच हे जिवाणू भरपूर असतात.

स्लरी_कोल्हापूर
ताई, पैसे देऊ नका, निदान आत्ता तरी. हॉटेलं आणि वसतिगृहांचे प्लँट दुरुस्त करणं हेच माझं रोजचं काम आहे. तुम्ही लिहिलेल्या दोन गोष्टींवरून दुखणं कळतंय. ड्रम वर येतो म्हणजे आत गॅस होतोय. तो पेटत नाही म्हणजे त्यात जळणारा मिथेन कमी आणि कार्बन डायऑक्साइड जास्त. आंबट वास म्हणजे आम्ल साचलंय.

टाकीत दोन मुख्य टोळ्या काम करतात. पहिली अन्न कुजवून आम्ल करते, दुसरी त्या आम्लातून मिथेन काढते. पहिली झपाट्याने वाढते, दुसरी फार सावकाश, आणि तिला पीएच (आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त) साधारण ६.८ ते ७.४ लागतो. भात-पोळीसारखं मऊ अन्न जास्त पडलं की पहिली टोळी धावते आणि आम्लात दुसरी गुदमरते. थंडीत ती आणखी मंदावते. अशा टाकीत विकतचे जिवाणू ओतले तर तेही त्याच आम्लात जाणार.

त्यातून पाकिटात काय आहे ते बघा. बाजारातल्या पुष्कळ कल्चर खत कुजवण्यासाठी केलेल्या असतात. त्यातल्या बऱ्याच जिवाणूंना हवा लागते, काहींत लॅक्टिक आम्ल करणारेच जिवाणू असतात. मिथेन करणाऱ्यांना तर हवेचं वावडं, ते उघड्या पाकिटात सहजी टिकत नाहीत. उत्तम विरजण म्हणजे चालू गोबरगॅसमधून निघणारी ताजी स्लरी, आणि ती फुकट मिळते.

पीएच पट्टीने मोजा आणि रोज किती किलो जातं ते वजन करून सांगा.

सूक्ष्मजीव_पुणे
दादांशी सहमत. मी याच विषयात संशोधन करते, म्हणून थोडी भर. बाहेरून जिवाणू टाकण्याचा उपयोग होतो, पण नेमक्या अडचणीत. मांस, डाळी असं प्रथिनांचं खरकटं जास्त असेल तर अमोनिया वाढतो. तिथे तो सोसणारे ‘मेथॅनोक्युलियस’सारखे जीव टाकून मिथेन वाढल्याचे प्रयोग आहेत. भाभा अणुसंशोधन केंद्राच्या ‘निसर्गऋण’ प्लँटमध्येही उष्णता सोसणारे जिवाणू वापरतात, पण त्यासाठी आधी हवा आणि गरम पाणी दिलेली वेगळी टाकी असते. परिस्थिती जुळवून दिली तर जिवाणू टिकतात, नाहीतर स्लरीबरोबर वाहून जातात.

शिवाय निव्वळ खरकट्यावर चालणाऱ्या टाकीत कोबाल्ट, निकेल, सेलेनियम ही सूक्ष्म मूलद्रव्यं कमी पडू शकतात. इंग्लंडच्या साउदॅम्प्टन विद्यापीठातल्या कामात ती दिल्यावर अन्नकचऱ्याच्या टाक्या स्थिर राहिल्याचं दिसलं. म्हणून अधूनमधून शेण टाकत राहा.

मेस_कराड
पट्टीवर साडेपाचच्या आसपास रंग आला. वजन केलं तर रोज ७० किलो जातंय! प्लँट देणाऱ्याने ४० सांगितलं होतं. यंदा मुली वाढल्या, बादल्याही वाढल्या. आता काय करू?

स्लरी_कोल्हापूर
हेच कारण. खरकटं आजपासून पूर्ण बंद. जवळच्या चालू गोबरगॅसमधून ताजी स्लरी आणा, टाकीच्या दहाव्या भागाएवढी, म्हणजे सुमारे ५०० लिटर. ती रात्रभर उघडी ठेवू नका, आणली की आत. पाण्यात कालवलेला खाण्याचा सोडा थोडा थोडा देऊन रोज पीएच बघा. चुना एकदम ओतू नका, पीएच उडी मारतो आणि गाळ तळाशी बसतो.

पीएच सातजवळ टिकला आणि ज्योत निळी, स्थिर झाली की १० किलोपासून सुरुवात. आठवड्याला थोडं थोडं वाढवत ४० पर्यंत जा, पुढे नाही. आंबट वास आला की त्या दिवशी खाणं बंद.

मेस_कराड
समजलं दादा. शेजारच्या गोठ्यावर गोबरगॅस आहे, उद्याच स्लरी आणते. पण मधल्या काळात ७० किलोचं काय करू? आणि पुढेही ३० किलो रोज उरणारच.

स्लरी_कोल्हापूर
त्याचं खत करा. पाणी निथळून, वाळक्या पाल्यात थर लावून खड्ड्यात टाका, दोन-तीन दिवसांनी वरखाली करा. कल्चर घ्यायचीच असेल तर ती इथे उपयोगाची, कारण खड्ड्यात हवा असते. उसाचं पाचट मिळालं तर पाल्याऐवजी तेही चालेल, फक्त बारीक करून घ्या.