चार वर्षे वापरलेली स्टीलची बाटली ठेवावी की बदलावी?

प्रश्न

नमस्कार. माझ्याकडे स्टेनलेस स्टीलची, दुहेरी भिंतीची, ७५० मिलिलिटर मावणारी पाण्याची बाटली आहे. प्लॅस्टिकच्या बाटल्या पुन्हा पुन्हा विकत घेणे थांबवायचे असे ठरवून चार वर्षांपूर्वी मी ती घेतली आणि तेव्हापासून एखादा दिवस वगळता ती रोज माझ्या पिशवीत असते. आता मात्र तिच्यात एकदम इतक्या तक्रारी दिसू लागल्या आहेत की, त्यांतली कोणती गंभीर आणि कोणती केवळ डोळ्यांना खुपणारी, हे मला ठरवता येत नाही.

मागच्या वर्षी जिन्यावरून पडल्यामुळे तळाजवळ अंगठ्याएवढा पोचा आला आहे. आत पांढरट थर धरला आहे आणि त्याच्या खाली एके ठिकाणी निळसर-सोनेरी झाक दिसते. तोंडाजवळ, आट्यांच्या खाली, तपकिरी रंगाचे दोन ठिपके आहेत. रोज धुऊनही झाकण उघडले की कुबट वास येतो. आणि पूर्वी सकाळी भरलेले थंड पाणी संध्याकाळपर्यंत थंड राहत असे, ते आता दुपारपर्यंतही टिकत नाही. वस्तू शक्य तितकी वापरावी असे मला मनापासून वाटते, पण आरोग्याला अपाय होणार असेल तर हट्ट धरायचा नाही. जाणकारांनी कृपया सांगावे.

प्रतिसाद १

बाटली खऱ्या स्टेनलेस स्टीलची आहे का, हे आधी पाहावे. चुंबक लावून बघा. चिकटला तर स्टील हलक्या प्रतीचे आहे असे समजावे आणि बाटली बदलावी.

प्रतिसाद २

मी अनेक वर्षे स्टीलच्या भांड्यांच्या घडणीच्या आणि पॉलिशच्या कामात होतो, म्हणून वरील सल्ल्याबद्दल आधी लिहितो. चुंबकाच्या परीक्षेवर विसंबून बाटली टाकून देऊ नये. बाटल्यांसाठी सर्रास वापरले जाणारे ३०४ प्रतीचे स्टील, ज्यात साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असते, मुळात चुंबकाला जवळजवळ दाद देत नाही. पण पत्रा थंड अवस्थेत ओढून, दाबून बाटलीचा गळा आणि आटे घडवताना त्याची अंतर्गत रचना काही प्रमाणात बदलते आणि त्या जागी उत्तम स्टीलसुद्धा चुंबकाला हलकेसे धरते. उलट, निकेल कमी आणि मँगनीज जास्त असलेले २०१ प्रतीचे स्वस्त स्टीलही चुंबकाला फारसे चिकटत नाही. म्हणजे चांगली बाटली या परीक्षेत नापास होऊ शकते आणि कमी प्रतीची सहज उत्तीर्ण होऊ शकते.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. स्टेनलेस स्टील गंजत नाही याचे कारण त्याच्या पृष्ठभागावर हवेतील ऑक्सिजनमुळे तयार होणारा क्रोमियम ऑक्साइडचा थर हे आहे. हा थर केवळ काही नॅनोमीटर जाडीचा असतो आणि ओरखडा उठला तरी हवा लागताच पुन्हा धरतो. त्यामुळे आतल्या बारीक ओरखड्यांची काळजी करू नये. आपण लिहिलेली निळसर-सोनेरी झाक बहुधा हाच थर किंवा त्यावरचे क्षारांचे पापुद्र्यासारखे आवरण किंचित जाड झाल्याने दिसते. पाण्यावर पसरलेल्या तेलात रंग दिसतात, तसाच हा प्रकाशाचा परिणाम आहे आणि तो निरुपद्रवी आहे.

पांढरट थर हा पाण्यातील क्षारांचा, मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटचा असतो. कोमट पाण्यात एक-दोन चमचे लिंबूसत्त्व (सायट्रिक ॲसिड) विरघळवून अर्धा तास बाटलीत ठेवले, किंवा व्हिनेगरमध्ये तितकेच पाणी घालून वापरले, तरी तो सुटतो. मात्र या वेळी झाकण घट्ट लावू नये, कारण क्षार विरघळताना कार्बन डायऑक्साइड वायू सुटतो आणि बंद बाटलीत दाब वाढतो. पुष्कळ जण व्हिनेगर आणि खाण्याचा सोडा एकत्र ओततात. फेस भरपूर येतो, पण आम्ल आणि अल्क एकमेकांना निकामी करतात आणि काम कोणाचेच होत नाही. दोन्ही वापरायचे असतील तर वेगवेगळ्या वेळी वापरावे.

तपकिरी ठिपक्यांकडे मात्र नीट पाहा. बाटली कधी तारेच्या घासणीने घासली असेल तर घासणीतले लोखंडाचे सूक्ष्म कण पृष्ठभागात रुतून बसतात आणि तेच गंजतात. हे डाग लिंबूसत्त्वाने निघून जातात. ते काढल्यावर खालची जागा नखाला गुळगुळीत लागली तर विषय संपला. तिथे सुईच्या टोकाएवढा खड्डा लागला तर स्टील स्वतःच खाल्ले गेले आहे असे समजावे. याला बहुतेक वेळा क्लोराइड कारणीभूत असते: क्लोरीनयुक्त ब्लीचमध्ये बाटली भिजत घालणे किंवा मिठाचे पाणी दिवसेंदिवस आत राहू देणे. हे खड्डे भरून येत नाहीत, हळूहळू खोल जातात आणि त्यांच्यात घाण अडकते. बाटली निर्जंतुक करायची म्हणून ब्लीच वापरणाऱ्यांना मी नेहमी थांबवतो, कारण ज्या थराने स्टील टिकते त्याच्यावरच ते घाव घालते.

प्रतिसाद ३

वासाबद्दल माझा अनुभव सांगते, कारण याच कारणासाठी मी एक उत्तम बाटली टाकून दिली होती आणि त्याचे मला आजही वाईट वाटते. मी बाटली आतून उकळत्या पाण्याने विसळत होते, लांब दांड्याच्या ब्रशने घासत होते, तरी वास जाईना. नवी बाटली आणल्यावर सहा महिन्यांत तोच वास परत आला, तेव्हा झाकणाकडे लक्ष गेले. झाकणाच्या खाचेत बसवलेला सिलिकॉनचा वायसर टोकदार नसलेल्या लाकडी काडीने उचलून काढला, तर त्याच्या मागे काळी बुरशी आणि बुळबुळीत थर होता. बाटली रोज धुतली जात होती, पण ती खाच दोन वर्षांत एकदाही कोरडी झाली नव्हती.

स्टील वास धरून ठेवत नाही, सिलिकॉन धरते. म्हणून वायसर आठवड्यातून एकदा तरी काढून साबणाच्या कोमट पाण्यात मऊ ब्रशने घासावा, वास मुरलेला असेल तर खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात रात्रभर ठेवावा, आणि खाचेसह पूर्ण वाळल्यावरच परत बसवावा. झाकणात चोखणी किंवा दाबून उघडणारी तोटी असेल तर तिचेही भाग सुटे करावे लागतात. सगळ्यांत परिणामकारक सवय मात्र अगदी साधी आहे: रात्री बाटली आणि झाकण वेगवेगळे, उघडे आणि उपडे ठेवणे. ओली बाटली झाकण लावून ठेवली की बाकीची सारी मेहनत वाया जाते. दूध किंवा फळांचा रस भरणाऱ्यांनी तर त्याच दिवशी धुणे आवश्यक आहे, कारण आंबण्याने वासाबरोबर दाबही वाढतो आणि झाकण जोरात उडू शकते.

प्रतिसाद ४

थंडपणा न टिकण्याविषयी लिहितो. दुहेरी भिंतींमधली हवा काढून घेतलेली असते आणि त्या निर्वात पोकळीमुळेच उष्णता सहज आत-बाहेर जाऊ शकत नाही. शास्त्रज्ञ जेम्स ड्यूअर यांनी १८९२ मध्ये प्रयोगशाळेसाठी केलेल्या काचेच्या भांड्याचे तत्त्व हेच होते. पोकळीत हवा शिरली की बाटली दिसते तशीच राहते, पण गुण जातो, आणि तो घरी दुरुस्त करता येत नाही.

परीक्षा सोपी आहे. बाटलीत कडक गरम पाणी भरून झाकण लावा, दहा मिनिटे थांबा आणि बाहेरून हात फिरवा. तोंडाजवळ उबदार लागणे स्वाभाविक आहे, कारण तिथे दोन्ही भिंती जोडलेल्या असतात. केवळ पोच्याची जागा गरम लागली तर तिथे आतली आणि बाहेरची भिंत एकमेकींना टेकली असावी. संपूर्ण अंग गरम लागले तर पोकळीतली निर्वात स्थिती गेलेली आहे. बर्फाचे पाणी भरल्यावर बाहेर दव धरणे ही त्याचीच दुसरी खूण.

निर्वात स्थिती गेलेली बाटली साध्या पाण्यासाठी निर्धास्त वापरावी. उकळते पेय मात्र भरू नये, कारण बाहेरून चटका बसू शकतो. दोन गोष्टी मात्र तपासाव्यात. बाटली रिकामी करून कानाजवळ हलवावी. भिंतींच्या मध्ये पाणी डुचमळल्याचा आवाज आला तर कुठेतरी चीर आहे आणि ती पोकळी स्वच्छ करता येत नाही, म्हणून ती बाटली बाद करावी. दुसरे म्हणजे तळाची चकती. काही बाटल्यांत हवा काढून घेतल्याचे छिद्र तळाशी, बाहेरच्या बाजूने, शिसे असलेल्या डाखाने (सोल्डरने) बुजवून त्यावर चकती बसवलेली असते. पाण्याचा त्या डाखाशी संबंध येत नाही, परंतु चकती निघून आली असेल तर हाताचा येतो, आणि घरात लहान मुले असतील तर अशी बाटली ठेवू नये.

आपली बाटली कधी फ्रीझरमध्ये ठेवली होती का? पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगते आणि आतली भिंत बाहेर ढकलते. तळ फुगल्यामुळे बाटली डगमगत असेल तर तेच कारण असते.

मूळ प्रश्नकर्ती

सर्वांचे मनापासून आभार. फ्रीझरमध्ये ठेवली नव्हती. काल संध्याकाळी सगळ्या परीक्षा केल्या. लिंबूसत्त्वाने पांढरा थर पूर्ण गेला, दोन्ही ठिपकेही गेले आणि खालची जागा नखाला गुळगुळीत लागते. तारेची घासणी मीच वापरत होते, ती आता बंद. वायसर निघतो हे मला चार वर्षांत माहीतच नव्हते, आणि त्याच्या मागे नेमके तेच होते जे वर वर्णन केले आहे. गरम पाण्याच्या परीक्षेत मात्र बाटलीचे सगळे अंग गरम लागले. हलवल्यावर आवाज येत नाही आणि तळाची चकती घट्ट आहे. म्हणून बाटली टाकणार नाही. ती कामाच्या जागी टेबलावर साध्या पाण्यासाठी राहील. वायसर घासूनही त्याच्यावर काळे ठिपके उरले आहेत. तो तसाच वापरावा का?

प्रतिसाद ३

वापरू नये. बुरशी सिलिकॉनच्या आत रुजली की वरून घासून ती पूर्णपणे निघत नाही. सुटा वायसर मिळतो, परंतु केवळ व्यास पाहून घेऊ नका, जाडीही मोजा. किंचित पातळ वायसर बसतो, पण पिशवीत बाटली आडवी झाली की गळतो. जुना फेकण्यापूर्वी त्याची कोणती बाजू आत होती हे पाहून ठेवा, कारण काही वायसरांना एकाच बाजूला कड असते आणि उलटा बसवला तरी झाकण व्यवस्थित लागल्यासारखे वाटते.