शेजारचा स्नायू ओढतो, त्याला काय म्हणावं?

पाटीपेन्सिल: म्हातारपणातल्या हालचालींवरच्या एका लेखाचं मराठी करतोय, एका जागी अडलोय. स्नायूचा जोर टोकाच्या कंडरेतून, म्हणजे टेंडनमधून, हाडाकडे जातो, पण सगळा नाही. थोडा बाजूच्या आवरणांतून शेजारच्या स्नायूतही उतरतो. मी 'आंतरस्नायू प्रावरणीय बलसंक्रमण' असं लिहिलं. माझं मलाच वाचवेना.

अडगळ: संक्रमण म्हटलं की एक तर सूर्य आठवतो, नाहीतर रोगाची साथ. 'वहन' बरं. पण त्याआधी 'स्नायू'कडे बघा. सुश्रुतसंहितेत ५०० पेशी आणि ९०० स्नायू मोजलेत. तिथे मांसाची ती पेशी, आणि स्नायू म्हणजे बांधून धरणारे तंतू. मराठीत पेशी सूक्ष्मदर्शकाखाली गेली आणि तिची रिकामी जागा स्नायूनं बळकावली. बंगालीत तर स्नायू म्हणजे मज्जातंतू! शेजारच्या भाषेतून शब्द उचलणार असाल तर जपून.

पाटीपेन्सिल: आणि बोलीत सगळ्यालाच 'शीर'.

उलटतपासणी: मी फिजिओथेरपीत आहे. 'शीर आखडली' म्हणणाऱ्याला आधी बोट ठेवून दाखवायला सांगावं लागतं.
मूळ प्रश्नासाठी पोटरी घ्या. वरचा दुमुखी स्नायू गुडघा ओलांडून मांडीच्या हाडाला लागतो, त्याखालचा चपटा गुडघ्याच्या खालीच सुरू होतो. दोघे टाचेमागच्या एकाच कंडरेत उतरतात. गुडघा वाकवला की वरचा सैल पडतो. खालच्याला त्याचं सोयरसुतक नसायला हवं. पण मधल्या पापुद्र्यांतून ओढ पोचते. अ‍ॅमस्टरडॅमला उंदरांवर प्रयोग झाले, त्यात एकाच स्नायूच्या दोन टोकांशी जोर मोजला तर वेगवेगळा भरला. स्नायू नुसती सुटी दोरी असता तर दोन्हीकडे सारखाच भरला असता. मधला फरक शेजाऱ्यापाजाऱ्यांत वाटला गेला. म्हणून मी म्हणेन, 'शेजारओढ'.

अडगळ: गोड आहे, तीच अडचण. 'ओढ'ला माया चिकटलेली असते, वाचक कवितेत शिरेल. 'आडवी ओढ' म्हणा, म्हणजे दिशा आली आणि माया गेली.

पाटीपेन्सिल: घेतला. आता पुढचं. लेखात एकीकडे म्हटलंय, वयानुसार आवरणं ताठर होतात. दुसरीकडे म्हटलंय, आडवं वहन कमी होतं. मी दोन्हीकडे 'आखडणे' लिहून मोकळा झालो होतो.

उलटतपासणी: घोळ तिथेच झाला. या दोन वेगळ्या जागा आहेत. पहिली स्नायूच्या आत, तंतू आणि त्याच्या आवरणाच्या मधली. फार म्हाताऱ्या उंदरांत तंतूकडून आवरणाकडे जाणारा जोर घटलेला दिसला, तो २०११चा अभ्यास. तिथे 'पकड सैल होणे' म्हणा. दुसरी जागा थरा-थरांमधली. आवरणं ज्या प्रथिनाची बनतात त्या कोलॅजनच्या धाग्यांत आडवे बंध वाढतात आणि थर एकमेकांवरून पूर्वीसारखे सरकत नाहीत. टाचेमागच्या कंडरेत हे अल्ट्रासाउंडवर दिसतं: तरुणांत तिचे थर कमीजास्त सरकतात, वय झालेल्यांत तो फरक कमी होतो. इथे 'सरक कमी होणे'.
'आखडणे' मात्र दोन्हीकडे नको. आखडलेलं शेकलं की सुटतं, असं आपण गृहीत धरतो. हे तसं सुटत नाही.

अडगळ: मग 'निबर होणे'? वय आणि चिवटपणा एकाच शब्दात येतो, कातडीला म्हणतोच की.

पाटीपेन्सिल: वा! आवरणांना निबर, थरांना सरक. सार्कोपेनियाला, म्हणजे वयानुसार स्नायू घटण्याला, 'मांसक्षय' ठेवलाय. अर्विन रोझेनबर्ग यांनी १९८९ मध्ये ग्रीक सार्क्स म्हणजे मांस आणि पेनिया म्हणजे दारिद्र्य जोडून तो शब्द केला.

अडगळ: क्षयानं टीबी आठवेल. 'मांसऱ्हास' करा. 'मांसदारिद्र्य' मूळाला जवळचं, पण ते छापायची माझी हिंमत नाही.

उलटतपासणी: मी पेशंटला 'मांस झडतं' सांगतो.

पाटीपेन्सिल: शेवटचं. सरक तो की ती?

अडगळ: ती. घसरण ती, उसण ती, चमक ती. अंगात शिरणाऱ्या सगळ्या तीच.

उलटतपासणी: गोळा तो येतो हो, पोटरीत.