चर्चा: स्वतःच्या नावाने लिहिणे व्यवसायाच्या मुळावर येते का?

अर्धविराम (धागाकर्ता)

गेली काही वर्षे मी उमेदवारांच्या मुलाखती घेणाऱ्या मंडळावर आहे. उमेदवाराचे नाव गूगलवर शोधायचे नाही, असा आमच्याकडे लेखी नियम आहे आणि तो आमच्यापैकी कोणीही पाळत नाही, हे आधीच कबूल करतो. अलीकडे एका जागेसाठी दोन उमेदवार तुल्यबळ ठरले. त्यांपैकी एकाने चार वर्षांपूर्वी स्वतःच्या एका ग्राहकाची टर उडवणारी पोस्ट फेसबुकवर लिहिली होती. ग्राहकाचे नाव दिलेले नव्हते, परंतु त्याचा पेशा, वय आणि तक्रारीचे स्वरूप एवढ्यावरून परिचितांना तो सहज ओळखता आला असता. निवड दुसऱ्याची झाली. पहिल्याला कारण कळले नाही, त्यामुळे ती पोस्ट काढून टाकावी हेही त्याला कधी सुचणार नाही.

माझे मत असे की, ज्याचे पोट त्याच्या नावावर चालते त्याने स्वतःच्या नावाने केवळ कामासंबंधी आणि तेही मोजके लिहावे, बाकीचे मित्रांपुरते ठेवावे, आणि वर्षातून एकदा जुने लेखन चाळून नको ते काढून टाकावे. फेसबुकवर जुन्या सार्वजनिक पोस्ट एकाच वेळी मित्रांपुरत्या मर्यादित करण्याची सोय आहे, पण माझ्या परिचयातल्या फारच थोड्यांनी ती वापरली आहे. झाकली मूठ सव्वा लाखाची. विरोधी मते अवश्य मांडावीत.

कोरा कागद

असहमत. नियम मोडला मंडळाने आणि शिक्षा झाली उमेदवाराला. वर त्यातून निघालेला उपदेशही उमेदवारांनाच! लोकांनी आपले तोंड शिवून घ्यावे असे सांगण्याआधी निवड करणाऱ्यांनी आपले डोळे आवरावेत, ही अपेक्षा अवाजवी नाही. अमेरिकेतील मेरिलँड राज्याने 2012 साली नोकरी देणाऱ्यांना उमेदवाराच्या खात्याचा पासवर्ड मागण्यास कायद्याने मनाई केली, कारण तोवर तसे मागण्यापर्यंत काहींची मजल गेली होती. सार्वजनिक लेखनाला हा कायदा लागू पडत नाही हे मान्य. परंतु मर्यादा दोन्ही बाजूंना असाव्यात, एवढे त्यातून निश्चित दिसते.

आणि झाकलेली मूठ सव्वा लाखाची असते ती उघडण्याची वेळ येईपर्यंतच. काम मागायला जाताना ती उघडावीच लागते. मी स्वतंत्र व्यवसाय करतो आणि माझी निम्म्याहून अधिक कामे मी जाहीरपणे केलेल्या वादविवादांतून आली आहेत: कोणाला माझा मुद्दा पटला, कोणाला मी चूक कबूल करण्याची पद्धत आवडली. ज्याचे काही सापडतच नाही, त्याच्याविषयी समोरचा माणूस चांगलेच गृहीत धरेल असे आपण कशावरून म्हणता?

गाळणी

धागाकर्त्यांच्या सल्ल्यातील मोजके लिहिण्याचा भाग ठीक, मात्र वर्षातून एकदा साफसफाई करून सुरक्षित झाल्याचे समाधान मानणे मला धोक्याचे वाटते. आपण काढून टाकतो ती आपल्याकडची प्रत; इतरांनी घेतलेले स्क्रीनशॉट आणि वेबॅक मशीनसारख्या संग्रहांत साठलेली पाने त्याने पुसली जात नाहीत. युरोपीय संघाच्या न्यायालयाने 2014 साली गूगलविरुद्ध जो निकाल दिला, त्यानेही नावाच्या शोधात येणारे कालबाह्य किंवा गैरलागू दुवे हटवून घेण्याचा हक्क मिळाला. मूळ पान जिथल्या तिथे राहू शकते.

शिवाय लपवण्याची धडपडच कधी कधी लक्ष वेधते. गायिका बार्बरा स्ट्रायसँड यांनी 2003 साली आपल्या घराचे हवाई छायाचित्र संकेतस्थळावरून काढावे म्हणून पाच कोटी डॉलरचा दावा लावला. तोवर ते छायाचित्र अवघे 6 वेळा उतरवून घेतले गेले होते आणि त्यांतही 2 वेळा त्यांच्याच वकिलांनी; दाव्याची बातमी झाल्यावर महिन्याभरात लाखो लोकांनी त्या संकेतस्थळाला भेट दिली. दावाही फेटाळला गेला.

अर्धविराम (धागाकर्ता)

@गाळणी, दावा लावणे आणि आपलीच पोस्ट गुपचूप काढणे यांत फरक आहे. ज्या पोस्टकडे अद्याप कोणाचे लक्ष गेलेले नाही, ती काढण्यात तोटा काय? दिग्दर्शक जेम्स गन यांना डिस्नेने जुलै 2018 मध्ये काढले ते कित्येक वर्षांपूर्वीच्या ट्विटसाठी, आणि ती ट्विट विरोधकांनी मुद्दाम उकरून काढली होती.

कोरा कागद

गन यांचे उदाहरण अर्धेच सांगितलेत. मार्च 2019 मध्ये डिस्नेने त्यांना परत घेतले. त्यांच्या कलाकारांनी जाहीर पत्र काढून पाठिंबा दिला होता, म्हणजे पाठीशी उभे राहिले ते त्यांना कामातून ओळखणारे लोक.

अर्धविराम (धागाकर्ता)

तसे उभे राहायला गन यांच्यामागे कोट्यवधींचे चित्रपट होते. चार वर्षे अनुभव असलेल्या उमेदवारासाठी पत्र कोण काढणार?

नाडी

मी वैद्यकीय व्यवसायात आहे आणि आपण दोघेही भलत्याच ठिकाणी भांडत आहात, असे मला वाटते. मत मांडल्यामुळे बुडालेले सहकारी मी फारसे पाहिले नाहीत. रागाच्या भरात उत्तर दिल्यामुळे अडचणीत आलेले पाहिले आहेत. कोणी नावानिशी वाईट अभिप्राय लिहितो, तो खोटा असतो, आणि खोटे खोडून काढताना आपण रुग्णाचे निदान, उपचार, थकलेले बिल असे सगळे चव्हाट्यावर मांडतो. अमेरिकेत 2019 साली एका दंतवैद्यकीय व्यवसायाला अशाच उत्तरांतून रुग्णांची माहिती उघड केल्याबद्दल 10,000 डॉलर भरावे लागले. रुग्णाने स्वतः काय सांगावे हा त्याचा प्रश्न. त्याने सांगितले म्हणून आपल्याला ते सांगण्याची मोकळीक मिळत नाही. मी आता अशा अभिप्रायाखाली फक्त प्रत्यक्ष भेटण्याची विनंती लिहितो, आणि तीसुद्धा दुसऱ्या दिवशी. खाते खासगी करून यातले काहीही टळत नाही. ‘येथील मते माझी वैयक्तिक आहेत’ या ओळीने तर नाहीच. ती वाचून कोणी मागे फिरल्याचे मी तरी पाहिलेले नाही.

मूळ उदाहरणातील उमेदवाराचा दोषही मला हाच दिसतो. त्याने मत मांडले नव्हते, विश्वासाने सांगितलेली गोष्ट बाहेर फोडली होती.

अर्धविराम (धागाकर्ता)

नाडी यांचा मुद्दा मान्य, आणि त्याने माझा सल्ला बराचसा ढिला पडतो हेही मान्य. कमी लिहा असे सांगण्याऐवजी ग्राहकाविषयी लिहू नका, एवढेच मी म्हणायला हवे होते. कोरा कागद यांच्या पहिल्या आक्षेपाला मात्र माझ्याजवळ उत्तर नाही. उमेदवाराविषयी काही शोधून काढले तर ते त्याला दाखवून त्याचे म्हणणे ऐकावे, अन्यथा शोधूच नये, असा प्रस्ताव मी मंडळापुढे ठेवणार आहे. त्या उमेदवाराची निवड मात्र मी आजही केली नसती.

कोरा कागद

मग ते कारण त्याला आता तरी कळवणार आहात का?